चिरून ठेवलेली भाजी

डॉक्टरांनी बाबांचे सगळे रिपोर्ट दोनदा पाहिले, चष्मा काढला आणि मला म्हणाले, "बीमारी कुछ नहीं है. ये खाना नहीं खा रहे हैं."

मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचे रिपोर्ट घेऊन बसलेत. सकाळी महाराज बाड्याच्या चौकात बाबांना चक्कर आली होती. ओळखीच्या फुलवाल्याने त्यांना ऑटोत घालून घरी सोडलं, मला फोन केला, आणि मी थाटीपुरच्या माझ्या घरून जशी होते तशी निघून आले होते. वाटेत मनात हार्ट आलं, मेंदू आला, नको नको ते सगळं आलं. पण उपास? माझ्या बाबांचा? मी तिथल्या तिथे डॉक्टरांशी भांडायला उठले. म्हटलं, दर रविवारी मी स्वतः यांचा फ्रिज भरते, आठवड्याची भाजी निवडून, धुऊन, चिरून ठेवते, आणि तुम्ही म्हणता खात नाहीत? डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तो उन्हीं से पूछिए." बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले होते.

माझा स्वभाव कसा आहे ते आधीच सांगून टाकते. मी तापट आहे. घरात सगळे म्हणतात, हिला काही सांगायचं म्हणजे आधी दार उघडं आहे ना ते बघून घ्यावं. पण काम करायला घेतलं की मी हयगय करत नाही. आई गेली त्यानंतर बाबा लष्कर नावाच्या जुन्या वस्तीतल्या घरात एकटेच राहिले. माझ्याकडे या म्हटलं तर येईनात. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली भाडेकरू, स्वयंपाकाला अर्धा ओटा, आणि बाबा वय वर्षं एकोणऐंशी. जन्मभर ज्यांनी चहासुद्धा केला नाही ते स्वतः स्वयंपाक करायला लागले. पहिल्याच महिन्यात विळीवर अंगठा कापून घेतला. मी गेले तर अंगठ्याला जुन्या पंच्याची चिंधी गुंडाळलेली, आणि वर हसतायत. मी इतकी चिडले की आईची विळी उचलली, सुरी उचलली, दोन्ही पिशवीत घातली आणि थाटीपुरला घेऊन आले. गल्लीतल्या ठेलेवाल्यालाही बजावलं, "बाबूजी को सब्जी मत देना, मैं लाती हूँ."

त्यानंतर माझे रविवार सुरू झाले. शनिवारी मंडईतून भाजी आणायची आणि रविवारी सकाळी मांड ठोकून बसायचं. भेंडी धुऊन, फडक्याने कोरडी करून, मगच चिरायची, नाहीतर चिकट होते. गवार मोडून सुती कापडात. फ्लॉवरचे तुरे मिठाच्या पाण्यातून काढून, निथळून. मेथी निवडून वर्तमानपत्रात. दुधी काळा पडतो म्हणून त्याचा डबा सोमवारचा, आणि कोबी टिकतो म्हणून तो शनिवारचा. मिरच्यांचे देठ काढायचे, कोथिंबिरीत कागदाची घडी घालायची. प्रत्येक डब्यावर पट्टी चिकटवून वार लिहायचा. सहा डबे घेऊन दुपारी टेंपोने बाड्यावर उतरायचं. घरी सगळ्यांचं जेवण उरकून निघायची म्हणून पोचायला तीन वाजत. बाबा म्हणत, "मी जेवलो गं." मी फ्रिज उघडायची. मागचे सहाही डबे रिकामे, घासून ठेवलेले. मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू. परगावच्या भावजयीला फोन करून सांगायची, बघ, एक पान सडत नाही आणि एक पान उरत नाही.

बाबा वाळत चालले होते ते मला दिसत नव्हतं असं नाही. सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता. मी म्हणायची, वय झालं, आणि आई गेल्याचं दुःख आहे. त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला नवं भोकही मीच पाडून आणलं होतं, टोपी बाजारातल्या दुकानातून.

तर त्या दिवशी, बुधवारी, मी बाबांना दवाखान्यातून घरी आणलं, पलंगावर निजवलं आणि तडक फ्रिज उघडला. डबे नव्हते. रविवारी ठेवलेले सहाच्या सहा डबे बुधवारी दुपारी गायब. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की बघा, तीन दिवसांत आठवड्याची भाजी संपवली, आणि तो डॉक्टर म्हणतो खात नाहीत.

तेवढ्यात खालची भाडेकरीण जिना चढून वर आली. तिच्या हातात माझे सहा डबे होते, एकात एक बसवलेले, स्वच्छ घासलेले. पट्ट्याही तशाच होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार.

"दीदी, अंकलजी अब कैसे हैं?" ती म्हणाली. "ये आपके डिब्बे. इस बार भिंडी बहुत बढ़िया निकली, एकदम सूखी. आपकी वजह से मेरी तो सुबह की आधी मेहनत बच जाती है."

मी डबे घेतले, ती आणखी काहीतरी बोलत होती, मी मान हलवत होते. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरातच जमिनीवर बसले. तिच्या बोलण्यावरून कळलं होतं, दर सोमवारी सकाळी बाबा सगळे डबे तिला नेऊन देत होते. किती महिने? मी बोटांवर मोजले. आठ.

ओट्यावर काय होतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. तांदूळ, थोडी डाळ, साखरेचा डबा आणि दुधाचं पातेलं. बस.

मी बाहेर आले ती ओरडायच्या तयारीनेच. पण बाबांनी तोंड भिंतीकडे केलं होतं आणि त्यांची मान मागून इतकी बारीक दिसली की मी ओरडलेच नाही. मी पलंगाच्या कडेला बसून विचारलं, "बाबा, माझी भाजी का नाही खाल्ली?"

बाबा भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "आदल्या दिवशी चिरलेली भाजी नैवेद्याला चालत नाही गं."

मी थक्क झाले. नैवेद्य? हा माणूस जन्मभर आईच्या पूजेची थट्टा करत आला होता. ती सकाळी अंघोळ करून, ओल्या केसांना पंचा बांधून विळीवर बसायची, भाजी चिरायची, शिजवायची, चाखायची नाही, आधी देवापुढे ठेवायची, आणि हे दारात खुर्ची टाकून पेपर वाचता वाचता म्हणायचे, "तुझ्या देवाला आज गवार आवडेल का विचार, मला तर आवडत नाही." देवघरात फुलं दिसायची हल्ली, ती मी पाहिली होती. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचा वेळ जातो.

आणि मी? मी त्याच घरात वाढले. आमच्याकडे फ्रिज आला तेव्हा मी शाळेत होते. आईने त्यात भाजी ठेवली ती नेहमी अख्खी. चिरलेली फोडसुद्धा रात्रभर राहिली तर ती नैवेद्यातून बाद. हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि मी पार विसरले होते, याचा मला जास्त धक्का बसला.

"पण तुमचा कुठे विश्वास आहे?" मी म्हटलं.

"माझा आहे की नाही ते मला अजून कळलेलं नाही," बाबा म्हणाले. "तिचा होता. तिने इतकी वर्षं त्याला ताजं वाढलं. आता ती नाही म्हणून मी त्याच्यापुढे डब्यातलं शिळं ठेवू? आणि त्याला न दाखवता मी एकटाच जेवू, तेही होत नाही."

"मग काय दाखवत होता?"

"वरणभात करायचो सुरुवातीला. मग रोज कुकर लावणं नको वाटायला लागलं. दूधसाखर चालते."

दूधसाखर. माझ्या डोळ्यांपुढे ते पट्ट्याचं नवं भोक आलं. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीत? एक शब्द टाकला असता तर मी अख्खी भाजी आणली असती.

बाबा हसले, पण माझ्याकडे न बघता. "तू विळी घेऊन गेलीस तेव्हा मी सांगायला निघालो होतो. तू फार रागावली होतीस. मग तू इतकं बारीक चिरून आणायला लागलीस. टाकवेना आणि सांगवेना. खाली लहान मुलं आहेत, म्हटलं त्यांच्या पोटी तरी जाऊ दे."

मी उठून ते सहा डबे पिशवीत भरले.

पुढच्या रविवारी मी सकाळी आठलाच पोचले. पिशवीत विळी, सुरी आणि अख्खी भाजी. ती कशी ठेवायची ते बाबांनीच सांगितलं, आणि मी ऐकतच राहिले. कोथिंबीर मुळांसकट पेल्यात पाण्यात उभी. गवार ओल्या पंच्यात. आलं वाळूच्या कुंडीत, वरून पाण्याचा हबका. दुधी खिडकीत, फ्रिजमध्ये मुळीच नाही. पेपराआडून हा माणूस इतकी वर्षं आईचा हात बघत आला होता.

ते पाटावर बसून भेंडी चिरत होते. एक फोड जाड, एक पातळ. मी हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते, न जाणो ओढून घेईन. अर्धा तास लागला. मग फोडणी, तोवर माझ्या पोळ्या, मग देवापुढे वाटी, पाण्याचा चौकोन, डोळे मिटून दोन मिनिटं. मग आम्ही दोघं जेवायला बसलो.

भाजीत मीठ नव्हतं. आई न चाखता करायची, पण तिच्या हाताला अंदाज होता. बाबांनी एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं. "मीठ राहिलं वाटतं."

"ठीक आहे," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा भाजी वाढून घेतली, पोळीचा तुकडा मोडला, सावकाश चावत राहिले. मी माझं पान सोडून त्यांच्याकडेच बघत होते. आईचं तेरावं झालं त्यानंतर मी बाबांना जेवताना एकदाही पाहिलं नव्हतं. दर रविवारी मी फक्त फ्रिज पाहून परत गेले होते.