दुपारचा पहारा
बुक्क्याचा वास आला की मला गावातला सप्ताह आठवतो. मी नववीत होते. सप्ताहभर वीणा अखंड कुणाच्या तरी गळ्यात असते; अक्षर नीट, म्हणून त्या पहाऱ्याच्या पाळ्यांची यादी माझ्याकडं असायची. नावं मात्र सगळी पुरुषांची आणि पोरांची, कारण आमच्या गावात मुली वीणा घेत नसत. एका दुपारी सगळे पंगतीला गेले आणि ज्याची पाळी होती तो माझ्या वर्गातला पोरगा वेळेवर आलाच नाही. वीणा धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या आबांचे पाय थरथरायला लागले. "पोरी, आता कोन हाय?" "त्यो आला न्हाई, आबा." "मंग तूच घे. वीणा खाली ठेवता येत न्हाई." वीणा देणाऱ्या-घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं असतं. मी वाकले, तसे आबाही माझ्या पायाशी वाकले. मग आबा पंगतीला गेले आणि तासभर रिकाम्या देवळात तार छेडत, नाम घेत मी एकटीच उभी होते. शेवटी तो पोरगा धावत आला. "कुनाला सांगू नको, मला लय हसतील," म्हणाला आणि पाया न पडताच त्यानं वीणा गळ्यात घातली. संध्याकाळी यादीत मी त्याच्याच नावापुढं पहारा झाल्याची खूण केली. आता नोकरीतल्या माझ्या याद्यांतून काही सुटत नाही; तो तास मात्र अजून कुठंच लिहिलेला नाही.