वन्संच्या प्रयोगशाळेतली चिमणी

माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, गप्प बसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले आहे. मेडिकल कॉलेजात त्यांची लहानशी प्रयोगशाळा आहे. काचेच्या बशांत पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यावर औषधे तपासायची, हे त्यांचे काम. लग्न केले नाही. "या पेशींचंच खाणंपिणं बघता बघता जीव जातो, वहिनी, त्यात नवरा कुठे सांभाळू?" असे म्हणून स्वतःच खो खो हसतात.

त्या दिवशी मात्र आल्या त्या चपला न काढताच खुर्चीत बसल्या.

"चिमणीला घेतलं नाही," म्हणाल्या.

चिमणी त्यांच्या हाताखालची मुलगी. अंगाने एवढीशी, म्हणून हे नाव. डॉक्टरकी आणि संशोधन एकत्र शिकवणारी ती लांबलचक दुहेरी पदवी तिला हवी होती. पूर्वी त्या प्रवेशाला परीक्षेतले गुण आणि प्रयोगशाळेत घालवलेला काळ पाहत. दोन्हींत चिमणी उजवी. यंदापासून मुलाखतीत विचारतात, तुमचा स्वतःचा प्रश्न कोणता, त्यात कुठे फसलात, मग काय केलेत?

"मग काय म्हणाली ती?"

"खरं ते. प्रश्न मॅडम काढतात, मी पेशी जगवते."

"नियमच बदलले, त्याला तुम्ही काय करणार?"

"वहिनी, ते बदलायच्या बैठकीत मी होते. हात वर करणाऱ्यांत पहिली! वर भाषण ठोकलं, राबणारे नकोत, विचार करणारे घ्या. आणि तिथून उठून प्रयोगशाळेत गेले नि तिला विचारलं, चिमणे, रविवारी येशील ना?"

मग त्यांनीच सगळे सांगितले. चिमणीच्या बशीला कधी बुरशी लागली नाही. बाकीच्यांच्या हाती पेशी मरायच्या, म्हणून वन्संनी त्यांना ते काम न देता त्यांचे स्वतःचे प्रयोग दिले. जिचा हात चांगला, ती अडकली. तिने एकदा आपली कल्पना सांगितली होती. "बघू गं, आधी हे संपव," म्हणून वन्संनी ती टोलवली. काय कल्पना होती ते आता त्यांना आठवतही नव्हते.

"बोलवा तिला," मी म्हटले. "पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं ना?"

दुसऱ्या दिवशी चिमणी घरी आली. वन्संनी आडपडदा न ठेवता माफी मागितली. वेगळी जागा, स्वतःचा प्रयोग, सगळे देऊ केले.

चिमणीने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मॅडम, इथे राहिले तर न सांगताही मीच तुमच्या बशा बघत बसेन. पेशी मरताना बघवत नाहीत मला. मला दुसरीकडे पाठवा."

"आणि माझं काम?" वन्संच्या तोंडून निघून गेले. लगेच त्यांनी जीभ चावली. पण चिमणीने मान खाली घातली होती. अपराधी तीच असल्यासारखी.

ते वन्संना सोसले नाही. ज्या सहकाऱ्याशी त्यांचे पटत नाही, त्यालाच त्यांनी तिच्यासमोर फोन लावला. "एक मुलगी पाठवतेय. नुसत्या बशा सांभाळायला लावलंत तर माझ्याशी गाठ आहे!" तो सोमवारपासून घ्यायला तयार झाला.

जाताना चिमणी पुन्हा पुन्हा आभार मानत होती. दार लावून वन्सं तिथेच उभ्या राहिल्या.

"वहिनी, ही आभार कसले मानते हो?"