बाभूळ मागंच राहिली

खडूने माखलेले दोन डस्टर एकमेकांवर घासले, की नाकात जाणाऱ्या धुळीबरोबर मला कन्नडजवळचं आमचं शेत आठवतं. काही वर्षांपूर्वी मी मुकुंदवाडीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि चुलत्यांची मुलगी आमच्याकडे राहून माझ्याच वर्गात शिकायची. भ्रंशरेषेवर दोन भूपट्ट एकमेकांना घासत वर्षाला दोन-चार बोटं सरकतात, हे मी डस्टर घासूनच दाखवलं होतं. दिवाळीला तिला घेऊन गावी गेलो, तर चुलत्यांनी नांगरता नांगरता सामाईक बांध कोरून आमच्या रानाकडे चांगला दोन हात ढकललेला. मी तणतणलो, तशी आसपासच्या रानातली माणसं जमली. चुलते तंबाखू मळत शांतपणे म्हणाले, “मी कशाला कोरू? जमीन सरकती म्हणून तूच शिकवलं ना पोरीला? तिनं फोनवर सांगितलंय मला. सरकली आसंल.” सगळे हसले. तेवढ्यात पोरगीच म्हणाली, “पण आण्णा, जमीन सरकली तर तिच्यावरचं झाडबी सरकतं. मग बांधावरची बाभूळ मागं आपल्या रानात कशी काय राहिली?” चुलते तंबाखू तोंडात टाकायची विसरले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “भूगोल लई चांगला शिकवतो रं तू.” इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या शिकवण्याचं याहून मोठं कौतुक कुणी केलं नाही, बांध मात्र आजतागायत एक बोटही मागे सरकलेला नाही.