त्या सह्या मीच गोळा केल्या होत्या

हे आधी सांगून टाकते, कारण नंतर जो राग आला त्यातला अर्धा माझ्यावरचाच होता.

डहाणूच्या बाजारामागच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल होते. एके दिवशी एका इंटरनेट कंपनीचा अधिकारी आला. स्वच्छ मराठी, नम्र वागणं. भिंतीवर एक डबा बसवून देतो, म्हणाला, वाचकांना वाय-फाय फुकट, वाचनालयाचा संगणकही त्यालाच जोडू. बदल्यात एकच काम होतं. अशा फुकट सेवांना परवानगी द्यावी का, यावर सरकारदरबारी विचार चालू होता. ‘आम्हाला ही सेवा हवी आहे’ असं पत्र त्याने छापूनच आणलं होतं, त्यावर वाचकांच्या सह्या हव्या होत्या. मी दोन दिवसांत पान भरून दिलं. कसली सही, असं ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगितलं, चांगल्या कामाची आहे, करा. पत्राची मागची बाजू मी स्वतःही वाचली नाही.

त्यात एक सही तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातल्या एका मुलीची होती. नुकतीच बारावी झालेली. घरी भात-नागलीची शेती, पाड्यावर रेंज नाही, आणि घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर जायचा. तिला नर्सिंगला जायचं होतं. तिचा अर्ज डबा येण्याआधीच माझ्या फोनवरून आम्ही दोघींनी भरला होता. आता फक्त कोणतं कॉलेज हवं ते भरायचं राहिलं होतं. त्याची तारीख जाहीर व्हायची होती.

त्यासाठी ती दर दोन-तीन दिवसांनी जीपने यायची. संगणकावर शोधलं की प्रवेशाची माहिती देणारं एक पान वर यायचं. छान रंगीत, मराठीत. त्यावर लिहिलेलं असायचं, ‘कॉलेज निवडण्याची प्रक्रिया लवकरच सुरू होईल.’ खाली एका खाजगी कॉलेजची जाहिरात. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघायचे आणि सांगायचे, अजून काही नाही गं, परवा ये. जीपचा खर्च करून आलेल्या मुलीला मी चार वेळा परत पाठवलं.

पाचव्यांदा ती आली ती संगणकाकडे गेलीच नाही. माझ्या टेबलासमोर उभी राहिली. बोर्डीची तिची एक मैत्रीण होती, दोघी बारावीला एका वर्गात. ती मैत्रीण आज बसस्टँडवर भेटली होती. तिने कॉलेजं कधीच भरली होती, तिला जागाही मिळाली होती. आता बॅग घ्यायला निघाली होती.

“मॅडम, तिला कुठे दिसलं?” एवढंच ती म्हणाली.

मी माझा फोन काढला. सरकारी संकेतस्थळ पहिल्या झटक्यात उघडलं. तारखा ठळक अक्षरांत होत्या आणि त्या सगळ्या उलटून गेल्या होत्या. मग तोच पत्ता वाचनालयाच्या संगणकावर टाकला. ‘हे पान तुमच्या मोफत सेवेत नाही,’ असं आलं. शोधून पाहिलं तर कंपनीने ठरवलेल्या यादीतलीच पानं सापडत होती. बाकीचं काही जगात आहे, याचा मागमूससुद्धा नाही. दार बंद दिसलं असतं तर आम्ही ठोठावलं तरी असतं. इथे दाराच्या जागी भिंत रंगवलेली होती.

मी त्या अधिकाऱ्याला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. यादी पत्राच्या मागे छापलेली आहे, म्हणाला. सगळं इंटरनेट फुकट देणं कुठल्याच कंपनीला परवडणार नाही. आणि मग म्हणाला, “मॅडम, काहीच नसण्यापेक्षा हे बरं नाही का?”

“नाही,” मी म्हटलं. “काहीच नसतं तर ती माझ्याकडे फोन मागायला आली असती.”

माझा आवाज इतका चढला होता की पेपर वाचणारे माना वर करून बघायला लागले.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. ते भांडायला आले असते तर मला बरं वाटलं असतं. ते बाकावर बसले, पाणी प्यायले, आणि नीट समजून घेतल्यासारखं विचारलं, “बाय, म्हंजे बोर्डीवाल्यांचा इंटरनेट वेगळा, आन् आमचा वेगळा?”

मैत्रिणीच्या घरी पैसे भरून घेतलेलं इंटरनेट होतं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

कार्यकारिणीच्या बैठकीत मी डबा काढा म्हणून विषय मांडला. अध्यक्ष हसले. धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, म्हणाले. क्रिकेटचा स्कोअर दिसतो, बातम्या दिसतात, लोक खूश आहेत. मी विचारलं, उद्या एखादा प्रकाशक आला आणि म्हणाला, तुम्हाला नवी कपाटं देतो, पण वर्गणी न भरणाऱ्यांना फक्त माझीच पुस्तकं दाखवा, तर चालेल? आणि दुसरी पुस्तकं आहेत हे त्यांना कळूही द्यायचं नाही, तर? चहा आला. मतदान झालं आणि डबा राहिला.

मग मी सह्या परत घ्यायला निघाले. ज्यांच्या ज्यांच्या सह्या घेतल्या होत्या त्यांच्या घरी गेले, नरपडपासून विवळवेढ्यापर्यंत. ‘आम्हाला पूर्ण माहिती न देता सही घेतली गेली’ असं दुसरं पत्र मी हाताने लिहिलं होतं. काहींनी सही केली. काहींनी विचारलं, मग फुकटचं वाय-फाय बंद होईल का? आणि पेन परत दिलं. त्यांच्यावर मी चिडू शकले नाही. ते पत्र मी कंपनीला आणि सरकारी कचेरीला पाठवलं. कंपनीकडून छापील उत्तर आलं: आपल्या पाठिंब्याबद्दल आभार.

त्याच महिन्यात मी नोकरी सोडली.

मुलगी वर्षभर नरपडच्या एका वाडीत चिकू निवडण्याच्या कामाला गेली. पुढच्या वर्षी माझ्या घरी बसून तिने सगळं भरलं आणि तिला प्रवेश मिळाला, योगायोगाने मैत्रिणीच्याच कॉलेजात. मैत्रीण तिच्या एक वर्ष पुढे आहे. सुट्टीत मुलगी मला भेटायला येते, तिथल्या वॉर्डातल्या गोष्टी सांगते, त्या वर्षाबद्दल बोलत नाही.

ओळखीचे लोक मात्र म्हणतात, झालं ना शेवटी चांगलं, आता कशाला चिडता? मी त्यांना विचारते, तुमच्या मुलीचं एक वर्ष असं कोणी नेलं असतं तर? मग ते विषय बदलतात. मी बदलत नाही.