पोस्टरवरचं पाणी

चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या वर्गाकडे एक काम आलं. घनसावंगी तालुक्यात गोदावरीकाठच्या एका गावात पर्यटन महोत्सव भरवायचं तिथल्या काही लोकांनी ठरवलं होतं. त्यांनी समिती केली होती. समितीचे अध्यक्ष एक दिवस आमच्या सरांना भेटायला कॉलेजात आले आणि वर्गातच खुर्ची ओढून बसले. "जालना म्हणलं की लोकांना बियाणं आठवतं न्हाईतर सळई," ते म्हणाले. "आपल्याकडं असा समुद्रासारखा काठ हाय, कुणाला पत्ताच न्हाई. तुमच्या पोरांनी यावं, चित्रं काढावी. आम्ही त्याचे पोस्टर लावू, प्रदर्शन भरवू. राहण्याजेवण्याचं बघतो आम्ही."

सरांचा चेहरा खुलला. आमच्या कॉलेजातली मुलं बाहेर चित्रं काढायला म्हणून आजवर रेल्वे स्टेशन आणि मोंढ्याचा बाजार, यांच्या पलीकडे गेलेली नव्हती.

माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण नवीन जालन्यातली. घरचं कापडाचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. पणजोबांच्या काळात ते लोक राजस्थानातून आले होते. तिच्या चित्रकलेला घरच्यांचा विरोध नव्हता, पण लग्नापर्यंतचा छंद यापलीकडे कुणी ती मोजतही नव्हतं. मी हसनाबादची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमच्याकडे शिक्षण म्हणजे पायावर उभं राहणं. त्यात चित्रकला कुठे बसते हे वडिलांना मी अजूनही नीट समजावू शकलेले नाही. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईंनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि आत जाऊन चहा घेऊन आल्या. पुढे मी जात राहिले, त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

नदीवर जायची परवानगी काढायला आम्ही दोघी त्यांच्यासमोर बसलो होतो. "रात को रुकना पडेगा?" त्यांनी विचारलं. मैत्रीण म्हणाली, "शाळेत राहायचं आहे मम्मी, सगळ्या मुली एका खोलीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू है ना बेटा साथ में?"

"आहे ना काकू," मी म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा थंडी नुकती पडू लागली होती. खालच्या बंधाऱ्याने पाणी अडवलं होतं, त्यामुळे पात्र भरलेलं होतं आणि पलीकडच्या काठावर उसाची हिरवी पट्टी दिसत होती. काठ इतका स्वच्छ होता की मला नवल वाटलं. वाळूवरून कुणीतरी फळी ओढल्यासारखी ती सपाट केलेली. घाटाच्या दगडांना चुना लावलेला. समितीतला एक तरुण कार्यकर्ता आमच्याबरोबर दिला होता. सरांनी त्याला पाण्याचं विचारलं.

"बिनधास्त बसा सर. गुडघाभर बी न्हाई. लेकरं खेळतेत इथं."

पहिला दिवस छान गेला. मी पेन्सिलीनेच काम केलं. मैत्रिणीने जलरंग लावायला घेतले. तिची एक सवय होती. सगळं चित्र पुरं करायची आणि पाणी कोरं ठेवायची. घाट, बाभळी, बांधलेला तराफा, समोरचा ऊस सगळं येई, मधे पांढरा कागद. सर म्हणाले, "अगं, नदी काढायला आलो आपण. नदी कुठंय?" ती हसली. "पाणी शेवटी, सर. सारखा रंग बदलून राह्यलं ते."

त्या रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर पडल्या पडल्या ती मला म्हणाली, की हे चित्र पोस्टरवर लागलं तर ती पप्पांना स्टेशनवर नेऊन दाखवणार आहे. दुकानात बसलेले पप्पा तिचं चित्र हातात घेतात तेव्हा कापडाचा पोत बघावा तसा कागद चिमटीत धरून बघतात, असं सांगून ती बराच वेळ हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाटाच्या जरा पुढे, वाळूवर बसलो. मीही त्या दिवशी रंग काढले होते. आमच्या दोघींच्या डब्यांतलं पाणी गढूळ झालं. ती उठली, तिने माझा डबा उचलला. "आण, तुझंही आणते." काठाशी पाणी नितळ नव्हतं म्हणून ती सलवार वर धरून थोडी आत गेली. मी मान खाली घालून बाभळीच्या फांद्या रंगवत होते.

ओरडण्याचा आवाज आला नाही. कसलाच आला नाही. मी मान वर केली तेव्हा पाण्यावर एक डबा तरंगत होता आणि त्याच्या आसपास कुणी नव्हतं.

मी ओरडले. सर बुटांसकट धावत आत शिरले. कमरेएवढ्या पाण्यात ते दोन पावलं चालले आणि तिसऱ्याला एकदम दिसेनासे झाले. वर आले तेव्हा हात मारत होते, त्यांना धड पोहता येत नव्हतं. धुणं धुणाऱ्या एका बाईने लुगड्याचं टोक फेकलं, ते धरून त्यांना ओढून काढलं. मग गावातले मासे धरणारे भोई आले. त्यांनी दोर बांधून बुड्या मारल्या. दुपार कलली तेव्हा ती सापडली. ती गेली होती तिथून फार लांब नव्हती. सरळ खाली होती.

तिला काठावर ठेवलं तेव्हा मी ओढणी तिच्या अंगावर घातली आणि तिच्या हाताशी बसले. धुण्याची ती बाई माझ्यामागे उभी होती. ती कुणाशी म्हणून नाही, पण बोलत होती.

"त्या जागी आमी म्हशी बी घालत न्हाई वं माय. केणीनं सगळं उकरून ठिवलंय."

केणी म्हणजे ट्रॅक्टरला बांधलेला लोखंडी पत्रा. पाण्याखालची वाळू खरवडून काठावर ओढतात तो. वरून पाणी सपाट दिसतं, खाली विहिरीएवढे खड्डे.

"पण इथं तर ट्रॅक्टर नाहीत," मी म्हणाले.

"तुमी येणार म्हून हलवले. वाळूचे हायवा ट्रक बी हलवले, चाकोऱ्या बुजवल्या. खड्डा कसा हलवतील?"

"मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

तिने पदर तोंडाला लावला. "समितीवाले बोलू नका म्हणले व्हते, पाहुणे घाबरतेत म्हून."

पोलीस आले, पंचनामा झाला. पाय घसरून पाण्यात पडली, असं लिहिलं गेलं. मी त्या हवालदारांना खड्ड्याचं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही पाह्यलं का पडताना?" मी पाहिलं नव्हतं. तिचे वडील सरकारी दवाखान्यात पोचले. माणूस दुकानातून उठून तसाच आला होता, गळ्यात कापड मोजायची टेप होती. त्यांनी मला विचारलं, "पाणी ठंडा था क्या?"

सर पुढे महिनाभर कॉलेजात आले नाहीत. आले ते आवाज गेल्यासारखे. आमच्या वर्गाला त्यांनी पुन्हा कधी बाहेर नेलं नाही, आणि आम्हीही कुणी विचारलं नाही. महोत्सव रद्द झाला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तो रद्द झाला नव्हता, पुढे ढकलला होता. हिवाळा संपता संपता एका सकाळी मी स्टेशनच्या रस्त्याने रिक्षातून जात होते आणि मला मोठं पोस्टर दिसलं. 'चला गोदाकाठी.' खाली तारखा, पाहुण्यांचे फोटो. आणि मधोमध तिचं चित्र. तो घाट, त्या बाभळी, तो तराफा. त्या गडबडीत आमचे सगळ्यांचे कागद शाळेतच राहिले होते. समितीने ते गोळा केले असणार. तिने कोरी ठेवलेली जागा कुणीतरी कॉम्प्युटरवर भरली होती. निळी, स्विमिंग पूलसारखी. आमच्या नदीचा रंग तसा कधीच नसतो. चित्राखाली तिचं नाव नव्हतं.

मी रिक्षा थांबवली, उतरले आणि सरळ तिच्या घरी गेले. आई-वडील दोघांनीही ते पाहिलं होतं. तिचे वडील रोज त्याच रस्त्याने बँकेत जात.

"मी समितीकडे जाते," मी म्हणाले. "उतरवायला लावते."

"नही," वडील म्हणाले. "रहने दो. उसने बनाया है. सब लोग देख रहे है." मग जरा थांबून म्हणाले, "नाम डालने को बोलो. बस नाम."

तिच्या आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मेरी बेटी उस पानी में गयी, और उसी के हाथ से लोगों को बुला रहे है," त्या म्हणाल्या. "फाडून टाक तू." त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मला कळलं की हे भांडण मी यायच्या आधीपासून चालू आहे आणि मी गेल्यावरही राहणार आहे.

तिच्या आईच माझ्याबरोबर निघाल्या. घनसावंगीपर्यंत बस, पुढे जीप. त्या तशा जीपमध्ये आधी कधी बसल्या नसाव्यात. सीटची कड घट्ट धरून बसल्या होत्या आणि मधेच त्यांनी माझा हात धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. समितीच्या ऑफिसात अध्यक्षांनी आम्हाला पाणी दिलं, हात जोडले. झालं ते फार वाईट झालं म्हणाले, आणि मला वाटतं ते खोटं बोलत नव्हते.

"पोस्टर काढा," आई म्हणाल्या.

"आता सगळीकडं लागून गेलेत ताई."

"मग त्यावर एक ओळ टाका," मी म्हणाले. "पाण्यात उतरू नका, खड्डे आहेत."

अध्यक्ष म्हणाले, "जाहिरात हाय ती. असं लिहिल्यावर येणार कोण?"

"नाव तरी घाला तिचं."

"नाव घातलं तर लोक विचारतेल, ही कोण. मंग सगळंच निघतं."

आम्ही उठलो. बाहेर आल्यावर आई म्हणाल्या, "तुला अक्षर येतात ना मोठे?"

लोखंडी पत्रा मी नवीन जालन्यातून घेतला. पांढऱ्या रंगाचा हात दिला, त्यावर लाल रंगात लिहिलं: 'पाणी खोल आहे. वाळूचे खड्डे आहेत. उतरू नका.' अक्षरं सरळ काढणं मला तितकं जड कधी गेलं नव्हतं. महोत्सवाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी गेलो आणि ती बुडाली त्या जागेसमोर फलक रोवला. धुण्याच्या त्या बाईने पहार आणून दिली, पण ती फार वेळ थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन पाहतो तर फलक वाळूवर आडवा पडलेला, अक्षरं खाली करून. आम्ही तो पुन्हा उभा केला. आता काय करायचं, असं मी विचारणार होते, तोवर आईंनी प्रसादाच्या मांडवातून एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि फलकाला पाठ लावून बसल्या.

त्या संध्याकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत. वरती लाउडस्पीकरवर भाषणं चालू होती, भज्यांचा वास येत होता, गर्दी बरीच होती. पोस्टरने आपलं काम केलं होतं. पोरंबाळं घेतलेले लोक पाण्याकडे यायचे आणि काठपदराची साडी नेसलेली एक बाई खुर्चीतून उठून त्यांच्या वाटेत उभी राहायची. "आगे मत जाओ. खड्डा आहे. माझी मुलगी गेली इथं." आधी त्या हळू बोलत होत्या. दुपारनंतर आवाज बसला तरी बोलत होत्या. काही लोक चपापून मुलांना मागे ओढत. काहींनी हसून मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला. समितीचा तो तरुण कार्यकर्ता दोनदा आला. पहिल्यांदा म्हणाला, "काकू, वर मांडवात बसा ना, ऊन लागंल." दुसऱ्यांदा नुसता पाण्याचा जग ठेवून गेला. त्याला मी विचारणार होते की गुडघाभर पाणी तू कुठे पाहिलं होतंस. त्याचा चेहरा पाहून विचारलं नाही.

त्या दिवशी कुणी बुडालं नाही. आईंमुळे की नशिबाने, कोण सांगणार.

महोत्सव संपला आणि ट्रॅक्टर परत आले. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा फलक तिथेच होता, पण नदीने आणि केणीने मधल्या काळात सगळं बदललं होतं. फलकासमोर घोट्याएवढं पाणी. त्यात गुरं बसलेली. धुण्याची बाई म्हणाली, "आता इथं काय न्हाई. खड्डा तिकडं गेला, बाभळीपल्याड. मागच्या महिन्यात एक गडी गेला तिथं, ऊसतोडीला आल्ता."

आई तिथेच उकिडव्या बसल्या. मला वाटलं, आता त्या परत चला म्हणतील. तिचे वडील अजूनही बँकेची वाट बदलत नव्हते. पोस्टर केव्हाच फाटून गेलं होतं, त्याच्या जागी खताची जाहिरात आली होती, तरी ते तिथे गाडीचा वेग कमी करत, असं आईंनी मला जीपमध्ये सांगितलं होतं.

मग त्या उठल्या, निऱ्या खोचल्या. "पहार आण," म्हणाल्या.

आम्ही फलक उपटला. खालची वाळू ओली होती, तो सहज निघाला. एक बाजू त्यांनी धरली, एक मी, आणि आम्ही बाभळीकडे चालायला लागलो. ट्रॅक्टरवरचा माणूस इंजिन बंद न करता आमच्याकडे बघत होता.