विहिरीची वही घेऊन नांदेडला

माझे मालक जाऊन तीन वर्षं झाली. परवा त्यांच्या विहिरीच्या वहीला वाळवी लागलेली दिसली आणि नांदेडला जायचं ठरवलं. पुतणी रोहिणी तिथल्या एका कॉलेजात डीएनएमध्ये माहिती साठवायला शिकते आणि तिला सरावासाठी खरी माहिती हवी होती. वहीत दर सोमवारचे रकाने आहेत: तारीख, पाऊस, विहिरीत किती हात पाणी. मी या विषयावर मराठीत मिळेल ते वाचलंय, कळलंय थोडंच.

औशाहून लातूर, पुढे अहमदपूरमार्गे नांदेड. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. सकाळचीच गाडी धरा, नंतर उभ्यानं जावं लागतं. अहमदपूरच्या स्टँडवर भजी गरम मिळतात, चहा पाणचट. मी पिशवी मांडीवरून हलवीना, तेव्हा शेजारीण म्हणाली, सोनं हाय का काय? वही हाय म्हटल्यावर तिनं तोंड फिरवलं.

कॉलेजात रोहिणीनं एक बारकी नळी दाखवली. तळाला पाण्यासारखा थेंब. एका अख्ख्या तक्त्याच्या ओळी त्यात मिसळलेल्या, म्हणाली. प्रत्येक ओळ म्हणजे डीएनएचा एक धागा, आणि ती ओळखायला त्याला पत्त्याचा एक तुकडा जोडलेला. त्याला जुळणारा तुकडा सोडला की तेवढीच ओळ त्याला चिकटते आणि बाहेर काढता येते. पान नाही, क्रम नाही, तरी सापडतं कसं? मी तीनदा विचारलं आणि तीनदा उगाच मान हलवली.

वही चाळताना ती पाण्याच्या रकान्यावर थांबली.

"काकू, हात म्हणजे किती?"

"त्यांचा. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. दोर सोडायचे आन् भिजला तेवढा मोजायचे."

"बाकी गावांच्या विहिरी मीटरात हायत. माप लागंल."

मला एकदम सुचलं. "त्यांच्या फणीत केस हायत अजून. त्यात बी डीएनए असतंय ना? त्यातूनच हाताची लांबी काढ की."

शेजारी बसलेली तिची मैत्रीण हसली. रोहिणी हसली नाही. हा डीएनए माणसाचा नसतो, यंत्रात बनवतात, आपण लिहू तेवढंच त्यात राहतं, असं तिनं सांगितलं. केसातूनही हाताचं नेमकं माप निघत नाही म्हणे. मला वाटलं होतं, माणूस गेला तरी त्याचं माप कुठंतरी लिहिलेलं राहत असेल.

तिनं पानांचे फोटो काढले. माप कळवते म्हणून मी संध्याकाळच्या गाडीनं परतले.

दुसऱ्या दिवशी पेटीतून त्यांचा लांब बाह्यांचा शर्ट काढला. कोपराच्या सुरकुत्या अजून होत्या. तिथून कफापर्यंत टेप लावला. पुढचा पंजा कुठून आणणार? माझा ठेवून पाहिला. त्यांचा मोठा होता, पण केवढा ते आठवेना.

रोहिणीला फोन केला. म्हटलं, मापाच्या जागी 'त्यांचा हात' असंच लिही.

"मग ही विहीर दुसऱ्या कुठल्याच विहिरीशी जुळायची न्हाई, काकू."

"न्हाई जुळली तरी ठेव," मी म्हणाले.