राजापूरची वेळ

“आधी ते घड्याळ अडीच तास मागे कर!”

“नाही करणार.”

“मेल्या, दोनदा चक्कर येऊन पडलास. डॉक्टर काय म्हणाला? वेळेवर जेव.”

“वेळेवरच जेवतो. राजापूरच्या.”

राई या कारखान्यांच्या भागातल्या गॅरेजमधला वेल्डर द्वारकानाथ सहा वर्षं कुवेतमध्ये होता, पण त्याचं घड्याळ गावचीच वेळ दाखवायचं. तिकडे एक वाजता बायको अक्षदा जेवायला बसायची, म्हणून इकडे साडेदहालाच हा डबा संपवायचा आणि संध्याकाळपर्यंत रिकाम्या पोटी भट्टीसारख्या उन्हात राबायचा.

“उद्या शिडीवरून पडलास,” खोलीतला सोबती मुकेश म्हणाला, “तर वहिनीनं कुणाची वाट बघायची रे?”

द्वारकानाथने घड्याळ पाहिलं. एकला पाच मिनिटं कमी होती. डबा उचलून तो जेवायला बाहेर गेला.